चुलीत गेलेली पत्रं

"पेटीत कशाला ठेवेल? माझ्या आईनं तर सगळी चुलीत घातली की."

दुपारी भाची आजीला एक कादंबरी वाचून दाखवत होती. महायुद्ध, माळ्यावरची पेटी, पेटीत आजोबांची पत्रं, शेवटच्या प्रकरणात सगळा उलगडा. आजी मध्येच एवढं बोलली आणि परत शेंगा सोलू लागली.

तिचे वडील दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीबरोबर इटलीत होते, हे घरात माहीत होतं. पत्रं यायची, हे आज कळलं.

"काय लिहायचे गं?"

"खुशाली. आईला कुठं वाचता येत होतं? मास्तर मोठ्यानं वाचायचे, सगळी आळी ऐकायची."

हे डोक्यातून जाईना. सैनिकांची पत्रं तेव्हा सेन्सॉरही व्हायची. अधिकारी, मास्तर, आळी... इतक्यांसमोर उघडा पडणाऱ्या कागदावर माणूस बायकोला मनातलं काय सांगणार? कादंबरीतली माणसं एकटी बसून लिहितात, एकटी वाचतात, म्हणून त्यांची गुपितं नातवंडांना सापडतात. आमच्या पणजीला तो एकांत कधी मिळालाच नाही.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली युद्धातल्या जखमींवर उपचार करायला चीनला गेले, १९४२ मध्ये तिथंच वारले. त्यांची गोष्ट इथं सगळ्यांना ठाऊक आहे, भैया चौकात स्मारक आहे. इटलीहून जिवंत परतलेल्या आमच्या पणजोबांची गोष्ट मात्र त्यांच्याच घरात कुणाला सांगता येत नाही. फार वाईट वाटलं.

अशा घरातलं युद्ध सांगणारी मराठी कादंबरी तुमच्या वाचनात आहे का? भाचीला द्यायची आहे.