ब्रिटिश पॅटर्न 1907 संगिनीची साफसफाई, आठवडा तिसरा: धार लावायची का?

मागच्या वेळी मूठ झाली होती, अक्रोडाच्या दोन्ही फळ्यांना कच्चं जवसाचं तेल लावून ठेवलेलं ते आता मस्त मुरलंय, लाकडाचा रंग परत आलाय. या आठवड्यात फक्त पातं. आणि पातं म्हटलं की तो प्रश्न येतोच, मला आत्तापर्यंत चारपाच जणांनी विचारून झालंय, की संगिनीला धार लावणार ना?

आधी काम सांगते. पातं 17 इंची, म्हणजे साधारण 43 सेंटिमीटर. वरवरचा तांबूस गंज होता तो पातळ तेलात रात्रभर भिजवून ब्राँझ वूलने (ब्राँझच्या बारीक तारांच्या बोळ्याने) हलक्या हाताने काढला, सँडपेपरला हातसुद्धा लावला नाही. खालचा काळपट थर आहे तो तसाच ठेवलाय, तो गंज नाहीये, ती पॅटिना आहे, म्हणजे वयानुसार धातूवर चढलेला रंग, ती गेली की पातं कालपरवा बनवल्यासारखं दिसतं आणि मग त्यात बघण्यासारखं काही उरत नाही. मुठीजवळचे शिक्के आता स्पष्ट वाचता येतात, मुकुट, 1907, त्याखाली महिना आणि वर्षाचे आकडे, 17 साल दिसतंय, आणि बनवणाऱ्या सँडरसन कंपनीचं नाव. दुसऱ्या बाजूला सरकारी मालाची बाणाची खूण, म्हणजे ब्रॉड अ‍ॅरो, तपासणीचे शिक्के आणि तो एक एक्स, म्हणजे पातं वाकवून बघितलं आणि ते परत सरळ झालं याची खूण. हा एक्स लक्षात ठेवा, धारेच्या विषयात परत येणारे.

आता खरी गंमत. गंज गेल्यावर टॉर्च अगदी आडवा धरून पात्याच्या कडेवरून फिरवला तर टोकाकडच्या अर्ध्या भागात कडेला तिरप्या बारीक रेघा दिसल्या, सगळ्या एका दिशेने, एका बाजूला पट्टा रुंद आणि दुसऱ्या बाजूला अरुंद. मुठीकडच्या भागात मात्र एकही रेघ नाही, तिथे कड चांगली जाड आहे, जवळपास एक मिलिमीटर सपाट. म्हणजे कुणीतरी चाकावर पुढचाच भाग घासलाय आणि घाईघाईत घासलाय. मग भिंग घेऊन बसले, आणि गंजाचे जे छोटे खड्डे पडलेत ते या रेघांच्या वरून गेलेत, रेघा खड्ड्यांत तुटतात. म्हणजे धार आधी, गंज नंतर. अलीकडच्या कुणा हौशी माणसाचं हे काम नाही एवढं नक्की. आर्मररचंच, म्हणजे सैन्यातल्या हत्यारं दुरुस्त करणाऱ्याचंच असणार असं माझं मत आहे, कारण शोभेसाठी घासणारा माणूस असं ओबडधोबड सोडत नाही.

हे जुळतं पण. ब्रिटिश सैन्यात शांततेच्या काळात संगिनी बोथटच असायच्या आणि लढाईवर निघताना धार लावली जायची, ऑगस्ट 1914 मध्ये जर्मनांकडेही तेच झालं. बोथट ठेवण्याला कारणं होती. रोज कवायत, फिक्स करा, काढा, म्यानात घाला, यात धारदार पातं म्हणजे बोटं जाणार आणि चामड्याच्या म्यानाची शिलाई आतून कापली जाणार. वर दर महिन्याला घासत बसलं तर काही वर्षांत पातं निम्मं होईल.

आणि संगिनीचं मुख्य काम भोसकायचं, ते टोकावर चालतं, कडेवर नाही. फ्रेंचांच्या 1886 च्या लेबेल रायफलची संगीन बघा, 52 सेंटिमीटरची, चार कडांची नुसती सळई, धार लावायला जागाच नाही तिला. रशियन मोसिन-नागां रायफलची तशीच. ब्रिटिशांच्याच पुढच्या ली-एनफील्ड नंबर 4 रायफलची तर फक्त 20 सेंटिमीटरची टोचणी, पण ती कापायच्या कामाला शून्य होती म्हणून पुढे नंबर 9 संगिनीत परत पातं आलं. (जाता जाता, 1907 च्या पात्यावरची ती लांब पन्हळ रक्त वाहून जायला नाहीये हो, वजन कमी करून पातं ताठ ठेवायला आहे.)

मग धार लावायचीच कशाला? कारण बोथट पातं समोरचा माणूस हाताने धरू शकतो. धार असेल तर धरणं अवघड, आणि पातं बाहेर ओढतानाही कमी अडकतं. 1907 इतकी लांब केली तीसुद्धा पोच मिळावी म्हणून, ती जिला लागायची ती ब्रिटिश एसएमएलई रायफल आखूड आणि समोर जर्मनांची लांब माउझर रायफल.

आता तो एक्स. जे पातं वाकून सरळ व्हायला हवं ते स्प्रिंगसारखं टेंपर केलेलं, म्हणजे तापवून लवचीक केलेलं असतं, चाकूइतकं कडक नाही, त्यामुळे त्यावर वस्तऱ्यासारखी धार टिकतच नाही. लावलीत तरी लगेच दुमडते. आर्मररला हे माहीत होतं म्हणून त्याने जाडसर कोन ठेवलाय, कुऱ्हाडीला ठेवतात तसा, आणि तेच बरोबर होतं.

तर मी लावणार नाहीये. माझी पहिली संगीन जर्मन 84/98 होती, 25 सेंटिमीटरचं पातं, मूळचं ब्लूइंग (पोलादावरचा निळसर-काळा संरक्षक थर) जवळजवळ पूर्ण. तीन संध्याकाळी दगडावर बसून तिला कागद कापेल अशी धार काढली, आणि चौथ्या दिवशी उजेडात बघितलं तर कडेने पांढरी लखलखीत पट्टी. ती फॅक्टरीतून निघाल्यापासून कधीच घासलेली नव्हती, आणि ते मी पुसलं. ब्लूइंग परत करता येईल पण ती मूळची कड परत येत नाही, अजून ती हातात घेतली की वाईट वाटतं.

अमेरिकन एम9 किंवा रशियन एकेएम रायफलची वायर कापणारी वगैरे नवी संगीन असेल आणि खरोखर वापरणार असाल तर खुशाल लावा, त्या मुळात हत्यार कमी आणि अवजार जास्त आहेत. पण जुन्या पात्यावर धार असेल तर ती काढू नका आणि नसेल तर घालू नका, आधी भिंगाने नीट बघा, तिच्याबरोबर काय काय झालंय ते कडेवरच लिहिलेलं असतं.

आज पात्याला मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्सचा (जुन्या वस्तू जपायला वापरतात त्या मेणाचा) पहिला हात दिलाय, उद्या दुसरा. पातं म्यानात ठेवणार नाही, चामडं ओल धरतं आणि त्यातल्या टॅनिनने पोलाद खराब होतं, म्हणून अ‍ॅसिड-फ्री कागदात वेगळं गुंडाळतेय. म्यानाची शिलाई टोकाकडे साताठ टाके उसवलीय, तीही आतल्या बाजूनेच कापली गेलेली दिसतेय. आता पुढचा आठवडा तिच्यासाठी.