दर पाचव्या दिवशी अडकणारा बोर्ड

"मॅडम, बोर्ड परत अडकला." ठाण्यातल्या एका हॉलमधल्या, संगणकावर चालणाऱ्या डिस्प्ले बोर्डबद्दल दर पाचव्या दिवशी हा फोन यायचा. ऐरोलीहून लोकल पकडायची, मशीन रीस्टार्ट करायचं आणि शेवटच्या गाडीने परत यायचं. "रोज रात्री रीबूट लावून टाका," असं ऑफिसात सांगितलं, तेव्हा मला खरंच राग आला. आजार तसाच ठेवून पट्टी बदलत राहायचं का?

लॉगमध्ये एकच ओळ होती: मॅक्झिमम नंबर ऑफ क्लायंट्स रीच्ड, म्हणजे जोडलेल्या प्रोग्रॅमची (क्लायंटची) मर्यादा भरली. एक्स सर्व्हर, म्हणजे पडद्यावर सगळ्या प्रोग्रॅमच्या खिडक्या दाखवणारा प्रोग्रॅम, ठरावीक जोडण्याच घेतो, आमच्याकडे मर्यादा 256. ती भरली की जुनी खिडकी दिसत राहते, पण नवा प्रोग्रॅम उघडत नाही. म्हणून लांबून बोर्ड ठणठणीत वाटायचा.

दोन आठवडे गेले ते मी एक्सएलएसक्लायंट्स या जोडलेल्या प्रोग्रॅमची यादी देणाऱ्या कमांडवर विश्वास ठेवला म्हणून. ते सहाच नावं दाखवायचं. मग बाकीच्या जोडण्या कुठे? ज्यांची खिडकीच नाही, ते त्या यादीत येत नाहीत, हे मला ठाऊक नव्हतं. तुम्ही आधी एक्सरेसटॉप लावा, ते कोणता क्लायंट सर्व्हरची किती मेमरी धरून आहे ते दाखवतं. मी लावलं तर पडदाभर 'अननोन', आणि पीआयडीच्या (प्रोसेस क्रमांकाच्या) जागी प्रश्नचिन्ह.

शेवटी एसएस कमांडने सॉकेट, म्हणजे जोडणीचं टोक, कुणाकडे आहे ते पाहिलं. दर अर्ध्या तासाला एक छोटा प्रोग्रॅम पडद्याचा आकार वाचायचा, फोर्क करून (स्वतःची प्रत काढून) लॉग पाठवायचं काम त्या प्रतीला, म्हणजे चाइल्डला द्यायचा आणि स्वतः संपायचा. जोडणी बंद करणारं एक्सक्लोजडिस्प्ले लिहिलंच नव्हतं, कारण प्रोसेस संपली की सर्व्हर तिच्या खिडक्या, पिक्समॅप (सर्व्हरच्या मेमरीतली चित्रं), सगळं आपोआप आवरतो. हे खरंच आहे, पण जोडणी पूर्ण तुटली तरच. इथे लॉग घेणारं पलीकडचं मशीन उत्तर देत नव्हतं, टाइमआउट नव्हता, आणि अडकलेलं चाइल्ड सॉकेटची प्रत धरून बसलेलं. सर्व्हरच्या लेखी तो क्लायंट जिवंत! दिवसाला 48, पाच दिवसांत 240. हिशेब जुळला तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

दुरुस्ती चार ओळींची. फोर्क झाल्याबरोबर चाइल्डने कनेक्शननंबरचा फाइल डिस्क्रिप्टर (जोडणीचा क्रमांक) साध्या क्लोजने बंद करायचा. तिथे एक्सक्लोजडिस्प्ले करू नका, त्याने पॅरेंटची (मूळ प्रोग्रॅमची) जोडणीही तुटते; मी ते करून पाहिलं, बोर्डच काळा झाला. एक्सक्लोजडिस्प्ले पॅरेंटने करायचं, चूक होऊन बाहेर पडण्याच्या वाटेवरसुद्धा. लॉग पाठवण्याला टाइमआउट लावला.

राहिलंच, कोडमध्ये कुणी क्लोजडाउन मोड (जोडणी तुटल्यावर काय ठेवायचं ती सेटिंग) 'रिटेन परमनंट' केला आहे का, तेही शोधा. तसं असेल तर जोडणी तुटूनही पिक्समॅप सर्व्हरच्या मेमरीत राहतात.

दुरुस्तीनंतर आज बारावा दिवस. सकाळी जोडण्या मोजल्या, नऊ भरल्या. काल संध्याकाळीही नऊच होत्या.