आधी कळलं ते दातांच्या डॉक्टरांना

धाकट्या बहिणीला बुलिमिया (भरमसाट खाऊन मग मुद्दाम उलट्या काढण्याचा आजार) आहे, हा संशय आधी आला तो दातांच्या डॉक्टरांना. पुढच्या दातांची आतली बाजू झिजली होती; वारंवार उलट्या झाल्या की पोटातल्या आम्लाने इनॅमल, म्हणजे दातांवरचं कठीण कवच, असंच जातं. वजन? अगदी नॉर्मल. म्हणून तर घरात कुणाला शंका आली नाही. या आजारात माणूस हाडांचा सापळा दिसेलच असं नाही. खरी धास्ती रक्तातल्या पोटॅशियमची, उलट्यांनी ते घसरलं की हृदयाचे ठोके बिघडतात. मानसोपचारतज्ज्ञ जेराल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये या आजाराचं वर्णन केलं, तरी आमचे नातेवाईक अजून 'नखरे'च म्हणतात. (त्यांच्याशी वाद घालणं मी सोडलंय.) आता ती ठरल्या वेळी जेवते, थेरपिस्टकडे जाते. जेवताना आम्ही तिच्या ताटात डोकावत नाही, इकडच्या तिकडच्या गप्पा मारतो. आणि 'बारीक झालीस गं' हे कौतुक घरात पूर्ण बंद, पाहुण्यांनाही.