सीझियमचं शिखर आणि मोंढ्यातली घट

एम.एस्सी.ला गॅमा किरण मोजणाऱ्या सोडियम आयोडाइड डिटेक्टरचा प्रयोग असतो. किरणोत्सारी सीझियम-१३७ समोर ठेवायचं, ६६२ केईव्हीला (केईव्ही हे किरणांच्या ऊर्जेचं एकक) शिखर आलं की आलेख चिकटवायचा आणि माझी सही घ्यायची. लातुरात इतकी वर्षं मी ह्याच सह्या करतेय. असल्याच डिटेक्टरवर व्हिएन्नातल्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचा तपासनीस युरेनियम-२३५ ची १८६ केईव्हीजवळची रेषा बघतो आणि युरेनियम किती समृद्ध केलंय, म्हणजे त्यात २३५ चं प्रमाण किती वाढवलंय, ते ताडतो, हे मात्र अभ्यासक्रमात नाही.

यंदा म्हणून सेफगार्ड्‌सचा हिशेब फळ्यावर मांडला, म्हणजे अणुसामग्री गुपचूप बॉम्बकडं वळत नाही ना, हे तपासण्याचा. सुरुवातीचा साठा, अधिक आवक, वजा जावक, वजा मोजून भरलेली शिल्लक. उत्तर शून्य यायला हवं, पण येत नाही. एकाचे वडील मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, मुनीम आहेत. तो लगेच म्हणाला, "मॅडम, सोयाबीन वाळलं की घट येतीच की!"

येतेच. पण घट किती अन् चोरी किती, हे कसं ओळखायचं? एका बॉम्बच्या हिशेबाने संस्था प्लुटोनियमची मर्यादा ८ किलो धरते. आता वर्षाला ८०० किलो प्लुटोनियम हाताळणारा कारखाना कल्पा आणि मोजमापात एकच टक्का चूक धरा. झाले आठ किलो! परीक्षेपुरता पाठ केलेला 'त्रुटी विश्लेषण' धडा पोरांनी त्या दिवशी स्वतःहून उघडला.

कायद्याची बाजू मला झेपत नाही. भारताने एनपीटीवर, म्हणजे अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर, सही केली नाही, तरी तारापूरच्या पहिल्या अणुभट्ट्या १९७१ च्या करारापासून संस्थेच्या तपासणीखाली आहेत, आणि २००९ च्या करारानंतर आणखी कितीतरी आल्या. हे कसं, ते राज्यशास्त्राच्या सरांनी सांगावं. त्यांच्या पोरांनी डिटेक्टर पाहिलेला नसतो, आमच्यांनी करार वाचलेला नसतो. ह्या कामाला दोन्ही लागतं.

"नोकरी लागती का?" हा प्रश्न आलाच. जागा थोड्या आहेत, खोटं कशाला सांगू. भाभा केंद्राच्या प्रशिक्षणाची परीक्षा सगळ्यांना ठाऊक असते. २०२० पासून संस्थेची मेरी स्क्लोडोव्स्का-क्युरी शिष्यवृत्तीही आहे, अणुविषयात मास्टर्स करणाऱ्या मुलींसाठी, आणि त्यात अण्वस्त्र-अप्रसाराचा विषयही बसतो. हे आमच्याकडं कुणालाच माहीत नव्हतं. एका मुलीच्या आईने फोनवर विचारलं, "व्हिएन्ना राहू द्या, आधी बी.एड. करावं का?"

मी म्हटलं, अर्ज दोन्हीकडं करू द्या. राज्यशास्त्राचे सर दोन तास घ्यायला तयार झालेत, वेळापत्रकात शनिवार मोकळा आहे.