झोल्डरच्या वळणांवर नॅसकार

नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनहून दक्षिणेला गाडी काढली की बेल्जियमची हद्द लागल्याचं आधी खड्डे सांगतात, पाटी नंतर दिसते. पुढे हेख्टेल, मग हाउथालेन-हेल्ख्तेरन. या गावातून जाणारा मोठा रस्ता कायम तुंबलेला असतो आणि त्यावर उपाय काय करायचा यावरून इथली माणसं कित्येक दशकं भांडताहेत. आम्हीही तिथे व्यवस्थित अडकलो. ऑक्टोबर २०२३, रविवारची सकाळ, बोचरी थंडी, आणि शेजारच्या सीटवर माझा कोल्हापूरचा मित्र. मोहित्यांच्या कार्टिंग ट्रॅकवर त्याने शाळा-कॉलेजच्या सुट्ट्या घालवलेल्या, त्यामुळे पुढची गाडी हलेना तसा तो चुळबुळत होता.

आम्ही निघालो होतो झोल्डरला, मोटारशर्यतींच्या ट्रॅकवर. नॅसकार म्हणजे मूळच्या अमेरिकन मोटारशर्यती; तिच्या युरोपातल्या मालिकेच्या मोसमातला शेवटचा शनिवार-रविवार दरवर्षी नाही, पण बहुतेक वेळा तिथे होतो. आइंडहोव्हनमध्ये आता मराठी माणूस शोधावा लागत नाही, पण तासाभरावर नॅसकार धावते हे आमच्या ओळखीत फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. फॉर्म्युला वनच्या स्पा ट्रॅकला सगळे जाऊन आलेले. झोल्डर म्हटल्यावर 'ते कुठे आलं?'

हा सगळा कोळशाचा मुलूख. झोल्डरची खाण १९९२ साली बंद झाली, बेल्जियममधली ती शेवटची. खाणीतून निघालेल्या दगडमातीचे डोंगर अजून उभे आहेत, आता त्यांच्यावर झाडी आहे. खाणीत उतरायला १९४६ च्या करारानंतर इटालियन आले, १९६४ च्या करारानंतर तुर्क आले, आणि त्यांची नातवंडं इथेच राहिली. आमचा नाश्ता एका तुर्की बेकरीत झाला: गरम सिमित (तीळ लावलेला कड्यासारखा पाव), पांढरं चीज आणि चहा. पुरेसा गोड, पण दुधाविना. मित्राने चहाबद्दल मत दिलं, ते इथे देत नाही.

ट्रॅक १९६३ चा. लांबी जेमतेम चार किलोमीटर, एका अंगाला आल्बर्ट कालवा, दुसऱ्या अंगाला बोल्डरबर्गची टेकडी आणि पाइनची झाडं. १९७३ ते १९८४ या काळात फॉर्म्युला वनची बेल्जियन ग्रांप्री इथे दहा वेळा झाली. आज फॉर्म्युला वनवाले इकडे फिरकत नाहीत. ट्रॅक त्यांना अरुंद पडेल, आणि कडेला डांबराची प्रशस्त मैदानं नाहीत. गाडी घसरली की वाळू-खडीत रुतते. मला तर हे आवडतं. चूक केली तर तिची किंमत लागलीच दिसते.

नॅसकार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लंबगोल ट्रॅक आणि सतत डावीकडे वळणाऱ्या गाड्या येतात. युरोपातली मालिका जवळजवळ पूर्ण रोड कोर्सवर चालते. फ्रान्सच्या जेरोम गालपँ यांनी ती उभी केली, पहिला मोसम २००९ चा, आणि २०१२ पासून तिला अमेरिकेच्या नॅसकारची अधिकृत मान्यता आहे. आम्ही गेलो त्या वर्षी गाड्या वॅलेन्सिया, ब्रँड्स हॅच, वालेलुंगा अशा डावी-उजवी दोन्ही वळणं असलेल्या ट्रॅकांवरून झोल्डरला पोचल्या होत्या. मोसमातल्या शेवटच्या शनिवार-रविवारला दुप्पट गुण, त्यामुळे आधी मागे पडलेल्यालाही आशा असते.

इथलं खरं सुख सकाळच्या पॅडॉकमध्ये, म्हणजे संघांच्या तंबूंच्या आवारात आहे. तिकीट असेल तर कुणीही आत. स्पाला ज्या दाराजवळ उभं राहू देत नाहीत, तसल्या दारातून इथे सरळ गाडीपर्यंत जाता येतं. तंबूखाली बॉनेट उघडं, आत ५.७ लिटरचं व्ही-एट इंजिन. चारशेच्या आसपास अश्वशक्ती, हाताने टाकायचे चार गिअर, वजन सव्वा टनाच्या आसपास. ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणारं एबीएस नाही, चाकं घसरू न देणारं ट्रॅक्शन कंट्रोल नाही. बाहेरून कॅमेरो किंवा मस्टँग, आत नुसता लोखंडी नळ्यांचा सांगाडा आणि एक सीट. एकाच गाडीवर दोन ड्रायव्हरांची नावं दिसतात: एक प्रो गटात धावणारा, दुसरा नवख्यांच्या गटात. शनिवार-रविवार मिळून चार शर्यती त्याच गाडीने काढायच्या, त्यामुळे मेकॅनिकांच्या चेहऱ्यावर झोप स्पष्ट दिसत होती. या मालिकेत काही मोसम अद्वैत देवधर हा भारतीय ड्रायव्हरही धावलाय. मी हे सांगितल्यावर मित्र थबकला. "देवधर? आणि तू मला हे आत्ता सांगतोस?"

बाहेर जुन्या अमेरिकन गाड्यांची रांग, काउबॉय टोप्या घातलेले फ्लेमिश आजोबा, आणि मेयोनेजमध्ये बुडवलेल्या बटाट्याच्या फ्रीतचे कागदी द्रोण. अमेरिकेचा हा देखावा थोडा हास्यास्पद आहे. फ्रीत मात्र अस्सल बेल्जियन होते, बैलाच्या चरबीत तळलेले. न खाणाऱ्यांनी आधी विचारून घ्यावं.

कुठे उभं राहायचं यावर आमचं एकमत होईना. लंबगोल ट्रॅकवर एका जागी बसून अख्खी शर्यत दिसते. इथे एकच वळण मिळतं, बाकीचं कानांनी आणि मोबाइलवरच्या आकड्यांनी जुळवावं लागतं. शेवटी घडीची खुर्ची घेऊन आलेल्या एका स्थानिक गृहस्थाने हाताने दिशा दाखवली: चढ संपतो तिथे जा, ब्रेक बघायचे असतील तर तिथेच. ती जागा म्हणजे जिल व्हिलनव शिकेन, गाड्यांचा वेग मोडणारी वळणांची जोडी.

हे नाव असंच पडलेलं नाही. ८ मे १९८२ ला पात्रता फेरीच्या शेवटच्या मिनिटांत फेरारीचा ड्रायव्हर जिल व्हिलनव याच भागात योखेन मासच्या संथ चालणाऱ्या गाडीवर मागून आदळला आणि त्याच रात्री लुव्हनच्या रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला. वय बत्तीस. शिकेन त्यानंतरचा. मुलगा जाक पुढे फॉर्म्युला वनचा विश्वविजेता झाला आणि २०१९ मध्ये याच नॅसकार मालिकेत उतरला. त्याही मोसमाचा शेवट झोल्डरलाच होता.

प्रोची शर्यत सुरू झाली तेव्हा आधी जमिनीतून गुरगुर आली, मग आवाज. "भावा, छातीत वाजतंय," मित्र ओरडला, ते मला त्याच्या ओठांवरून कळलं. चढावरून जोडीजोडीने गाड्या वर आल्या आणि उतारावर सगळ्यांनी एकदम ब्रेक दाबले. या वजनाच्या गाडीला ब्रेक लागताना बघणं ही वेगळीच गोष्ट आहे. नाक खाली जातं, शेपूट हलकं होऊन डुलायला लागतं. ड्रायव्हर उजव्या पायाच्या पंजाने ब्रेक दाबताना त्याच पायाच्या कडेने ॲक्सिलरेटरला झटका देऊन गिअर उतरवतो, आणि प्रत्येक झटक्याला एक्झॉस्टमधून फटाका फुटतो. एकाचं पुढचं चाक जाम झालं, निळसर धूर निघाला, गाडी सरळ खडीत गेली आणि दगड उधळत परत आली. त्याच्या गुणांचं काय झालं ते मोबाइल सांगत होता. पाच मिनिटांनी आम्ही मोबाइल खिशात टाकला.

माझं मत विचाराल तर फॉर्म्युला वनपेक्षा इथे ड्रायव्हरची मेहनत जास्त दिसते. तिथे गाडी इतकी शहाणी असते की वळण फार सोपं वाटतं. इथे गाडीला वळायचंच नसतं, आणि तिला वळवण्याची झटापट कुंपणापासून उघड दिसते. मित्राला हे पटलं नाही. त्याच्या मते मी स्पाची तिकिटं परवडत नाहीत म्हणून असं बोलतो. त्यात थोडं तथ्य आहे.

विजेतेपद इटलीच्या जानमार्को एर्कोलीला गेलं. पण आसपासच्या लोकांचा जीव अँथनी कुंपेनच्या संघात गुंतलेला. कुंपेन शेजारच्या हासेल्टचा, २०१४ आणि २०१६ चा विजेता, तेव्हा संघ चालवत होता. फॉर्म्युला वनचा डच विश्वविजेता मॅक्स व्हर्स्टापेन, त्याच्या आईचा तो चुलतभाऊ. मॅक्सचा जन्मही हासेल्टचाच. नारंगी टोप्या घातलेल्या डच पाहुण्यांना हे बेल्जियन लोक न विसरता सांगतात.

जाणार असाल तर कानात घालायचे बोळे घरूनच न्या, लहान मुलांना चांगले हेडफोन. ट्रॅकभोवती पायवाट आहे, मातीची, त्यामुळे बूट जुने घाला. सकाळी पॅडॉक चुकवू नका. शर्यती संपल्यावर तिथे कुणाला बोलायला सवड नसते. मोसम संपलेला असतो, तंबू उतरत असतात, आणि टेपने चिकटवलेले बंपर तसेच ठेवून गाड्या ट्रकमध्ये चढवत असतात. परतताना हाउथालेनचा रस्ता टाळा. हासेल्टला जाऊन जेवा, दोन तासांनी निघा.