वॉलआय, आठवडा तिसरा: रंगांचा नाद सोडला, वजन धरलं

आजचा आकडा आधी देतो. फिशिंग प्लॅनेट या मासेमारीच्या गेममध्ये एकूण ४१ वॉलआय मासे. त्यातले १२ पहिल्या सतरा दिवसांत आणि २९ गेल्या चार रात्रींत. रॉड तोच, रील तेच, तळंही तेच. मधे बदललं ते जिगचं, म्हणजे जड डोक्याच्या गळाचं, वजन, आणि ते मला वरळीच्या मामाने बदलायला लावलं.

गेम मी पीसीवर खेळतो. भांडुपला घरी पोचायला साडेआठ होतात, जेवून दहाला बसतो, म्हणजे रोजचे दीड-दोन तास. बास हा मासा बरा जमायला लागल्यावर वॉलआय घेतला, कारण हा मासा मला पहिल्यापासून ओळखीचा वाटतो. पर्चच्या कुळातला, उत्तर अमेरिकेच्या गोड्या पाण्यातला शिकारी. मिनेसोटाने त्याला राज्याचा मासा केलंय, एरी सरोवर त्याच्यासाठी नावाजलेलं आहे. पण माझी ओळख डोळ्यांवरून. त्याच्या डोळ्यात पडद्यामागे प्रकाश परतवणारा थर असतो, मांजरासारखा, म्हणून अंधारात बॅटरी मारली की डोळा चमकतो. आपल्या खाडीतला जिताडा रात्री पाहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको. दोघांचं कूळ वेगळं, देश वेगळा, डोळा मात्र तसाच निखाऱ्यासारखा.

या डोळ्यामुळेच वॉलआयची वेळ ठरते. संधिप्रकाशात पिवळ्या पर्चला नीट दिसेनासं होतं, वॉलआयला दिसत असतं, आणि त्या अर्ध्या-पाऊण तासात तो त्यांना उचलतो. दिवसा ऊन लख्ख असेल तर तो खोल जातो किंवा सावली धरतो. आभाळ भरलेलं असलं, वाऱ्याने पाण्यावर बारीक लाटा उठल्या, की उजेड आत कमी शिरतो आणि तो दिवसाही खातो. तिकडचे गळवाले अशा पाण्याला ‘वॉलआय चॉप’च म्हणतात. गेममध्येही मला याचा पडताळा आला. दुपारच्या उन्हात तीन बैठका केल्या, त्यात एक मासा. आता मी पहाटेला आणि सूर्यास्तानंतर टाकतो, आणि हवामानात ढग दिसले तरच दुपार वापरतो.

वेळ पहिल्या आठवड्यातच कळली होती. तरी मासा लागेना, तेव्हा मी रंगांच्या मागे लागलो. पोपटी शॅड, नारिंगी ग्रब (ही जिगवर लावायची मऊ खोटी आमिषं), पांढरा, मोतिया, लाल डोक्याचा जिग. वॉलआयला हिरवा आणि नारिंगी-लाल हे रंग बरे दिसतात हे वाचलेलं होतं, त्यामुळे खात्रीने पैसे घातले. गेममधले, पण कमवायला रात्री गेल्या होत्या. दहा दिवस मी रंग बदलत राहिलो आणि जिग मात्र साडेतीन ग्रॅमचाच ठेवला, कारण बासला तोच चालायचा.

रविवारी आजोळी गेलो. जुलै म्हणजे मासेमारीबंदी, १ जून ते ३१ जुलै, मोठ्या होड्या किनाऱ्यालाच. मामा अशा दिवसांत हातदोरी घेऊन खडकांवर गरवायला बसतो. मी त्याच्या शेजारी बसून मोबाइलवर माझं रेकॉर्डिंग दाखवलं. त्याने दोन-तीन वेळा टाकणं पाहिलं आणि विचारलं, “शिसं टेकलं केव्हा?” मला सांगता येईना. तो म्हणाला, “मग ते टेकलंच नाय. जड लाव. टेकल्याचं बोटाला कळेपर्यंत जड लाव.” आणि आपली दोरी माझ्या हातात दिली. शिसं खाली गेलं, दोरी एकदम ढिली पडली, बोटावरचा भार गेला. मी उचललं, सोडलं, पुन्हा तेच.

घरी येऊन त्याच रात्री सात ग्रॅमचा जिग लावला. सहा-सात मीटर खोलीला टाकला आणि रीलला हात न लावता दोरीकडे बघत बसलो. रॉडचं टोक सरळ झालं, दोरी सैल पडली. टेकलं. मग लक्षात आलं की साडेतीन ग्रॅमचा जिग तळाला पोचायच्या आधीच मी ओढायला घ्यायचो, आणि जरा वेग वाढला की तो आणखी वर यायचा. वॉलआय तळाशी आणि मी अर्ध्या पाण्यात. दहा दिवस सगळे रंग त्याच्या डोक्यावरून जात होते.

त्या रात्री ७ मासे लागले. दुसऱ्या रात्री त्याच तळ्यात जिथे प्रवाह आहे तिथे गेलो, तिथे सात ग्रॅमही वाहून जात होता, मग साडेदहा ग्रॅम लावला: ५. तिसऱ्या रात्री ८, काल ९.

आता चालणारी पद्धत अशी. रॉड मध्यम-हलका, टोकाला चटकन वाकणारा. ब्रेडेड (विणलेली) दोरी, पुढे फ्लोरोकार्बनचा लीडर, म्हणजे गळाआधीचा दोरीचा वेगळा तुकडा. सुरुवातीला पाइक या धारदार दातांच्या माशाच्या भीतीने धातूचा लीडर लावत होतो. वॉलआयला दात आहेत, पण दोरी कापण्यात तो पाइकसारखा नाही, आणि लीडर बदलल्यावर चावे स्पष्ट वाढले. पाइकमुळे दोन जिग गेले, ते मला परवडतात. ओढणं लिफ्ट अँड ड्रॉप, सगळ्यात मंद वेगावर: उचल, पडू दे, टेकल्यावर मनात दोन मोजेपर्यंत थांब. चावा जवळजवळ नेहमी पडतानाच येतो, आणि तो फार हलका असतो. बाससारखा दणका नाही. दोरी वेळेच्या आधी थांबते किंवा किंचित बाजूला सरकते, बस. तिथे लगेच हिसका द्यायचा. लागल्यावर तो खाली दाबतो, डोकं झटकतो, म्हणून ड्रॅग (रीलचा ब्रेक) मी अर्ध्याच्या थोडा वर ठेवतो आणि घाई करत नाही.

जिवंत आमिष दोन संध्याकाळी करून पाहिलं, जळू आणि छोटा मासा, तळाच्या शिशावर. जळवेला चावे जास्त, पण बहुतेक लहान पोरं. मोठ्यांसाठी मला जिगच आवडतो, कारण त्यात हाताला काम आहे. क्रँकबेटला (माशाच्या आकाराचं कडक खोटं आमिष) अजून हात लावलेला नाही.

ओळखीबद्दल एक गोष्ट, कारण गेल्या वेळी कोणी तरी सॉगर (वॉलआयचा जवळचा भाऊबंद मासा) आणि वॉलआयमध्ये गोंधळ केला होता. वॉलआयच्या शेपटीच्या खालच्या टोकाला पांढरा ठिपका असतो. सॉगरच्या पाठीच्या परावर काळ्या ठिपक्यांच्या ओळी दिसतात. गेममध्ये नाव येतंच, पण चित्र नीट बघा, फार छान काढलंय.

पहिला ट्रॉफी, म्हणजे गेमच्या हिशेबात मोठा वॉलआय, काल मिळाला. गेममधली पहाट, आभाळ भरलेलं, घरी खिडकीवर पावसाचा मारा चालू. साडेदहा ग्रॅम, साधा पांढरा शॅड, तिसऱ्या उचलीनंतर दोरी थांबली. चार मिनिटं लागली आणायला. फोटो मामाला पाठवला. त्याचा फोन आला, पहिला प्रश्न, “किती जड लावलेलंस?”

ज्यांच्याकडे प्रवाहाच्या पाण्यातल्या नोंदी आहेत त्यांनी खोली आणि जिगचं वजन दोन्ही लिहा. साडेदहाच्या पुढे चौदाला गेलं की माझ्याकडे जिग तळात फार अडकतोय, आणि तिथे वजन कमी करावं की टाकायची जागा बदलावी, हे मला येत्या आठवड्यात पाहायचंय.