शेवटी 'वामन' हातात आला!

पणजीला पाट्टोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात आज परत विचारलं आणि काउंटरवरच्या बाईंनी हसतच पुस्तक पुढे सरकवलं. जयंत नारळीकरांची 'वामन परत न आला' ही विज्ञान कादंबरी! दर खेपेला कुणीतरी नेलेलीच असायची. पाऊस होता म्हणून दोन पिशव्यांत गुंडाळली, पण डिचोलीची बस सुटायच्या आधीच बाहेर काढली.

भौतिकशास्त्राच्या प्रयोगासाठी खोल खणताना एक पेटी सापडते, आपल्या कितीतरी आधी होऊन गेलेल्या प्रगत लोकांची. इथंच अंगावर काटा आला. इतके पुढे गेलेले लोक मग संपले कसे? भाषा एकदम साधी, वर्गात शांतपणे समजावून सांगणाऱ्या सरांसारखी. मला ती फार आवडली.

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं, आपलीच आद्याक्षरं उलटी करून. मोठ्या नावाचा फायदा नको म्हणून! मे २०२५ मध्ये ते गेले तेव्हापासून ही कादंबरी वाचायचीच होती.

पानं पिवळी झालीत, मधेच कुणीतरी पेन्सिलीनं रेघा ओढल्यात. माझा स्टॉप आला तरी कळलं नाही, कंडक्टरनं हाक मारली.

कुणी वाचली असेल तर शेवट सांगू नका हां.